ड्रोन येतोय, आई, दार उघड

३ फेब्रुवारी

ठरलं! मी उडणार! म्हणजे मी खुर्चीतच बसणार आणि उडणार तो ड्रोन, पण ड्रोनला दिसतं ते दाखवणारा तो चष्मा डोळ्यांवर चढवला की फरक कळत नाही म्हणतात.

घाईताईनं आज ऑफिसात बोलावून घेतलं. घाईताई म्हणजे घरं विकून देणारी एजंट. बाई चहासुद्धा उभ्यानं पिते. तिच्यासाठी मी गेली कित्येक वर्षं रिकाम्या फ्लॅटांचे फोटो काढतेय. हल्ली जो तो आपल्या फोनवर आपणच फोटो काढतो, त्यामुळे माझं काम आटत चाललंय. ते तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. तर आता नदीपलीकडच्या नव्या संकुलाचा बिल्डर म्हणतोय, फोटो नकोतच. त्याला सलग व्हिडिओ पाहिजे. मुख्य दारातून आत शिरायचं, हॉल, स्वयंपाकघर, मग बेडरूमचं बंद दार आपोआप उघडल्यासारखं उघडायचं आणि तिथून बाल्कनीतून भुर्रकन बाहेर. मध्ये कुठेही कट नाही.

"महिनाअखेरीला नमुना फ्लॅटचा एक टेक दे," घाईताई म्हणाली. "आवडला तर संकुलाचं सगळं काम तुझं. नाही आवडला तर मी तरी काय करू, बाई?"

नाही आवडला तर मी परत त्या पासपोर्ट फोटोच्या दुकानात, 'हनुवटी वर, हसू नका' करत. ते नको. काहीही झालं तरी ते नको.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चहा ओतत होती. "मग घे की," म्हणाली, "मला काय विचारतेस?" एवढं सोपं! मी खूश होऊन बघते तर तिचं बोट माझ्या कपात! "आई, बोट काय बुडवतेस?" तर म्हणे, "गरम आहे का बघत होते." वय झालं की माणसं काय काय करतात.

५ फेब्रुवारी

दुपारभर ड्रोनच्या दुकानात होते. दुकानदाराचं नाव मी हळूबुवा ठेवलंय. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'हळू' असतं.

मला काचेतला मोठा आवडला होता. चार उघडी पाती, दिसायलाच रागीट. बुवा म्हणाले, "हा शर्यतीचा. तुमच्या हॉलची लांबी केवढी? डोळ्याची पापणी लवायच्या आत समोरच्या भिंतीत. हळू." मग त्यांनी दुसरा काढला, तळहातावर बसेल एवढा. तो कुठंही शिरतो, कुणाला लागत नाही, पण चित्र अगदीच मचूळ येतं. आणि तिसरा या दोघांच्या मधला. त्याच्या पात्यांभोवती कडी आहेत, भिंतीला लागला तर उसळी मारून परत येतो, कॅमेरा चांगला आहे आणि रिमोटच्या दांड्या सोडल्या की आहे तिथंच हवेत थांबतो. शिकाऊ माणसासाठी आणि घराच्या आतल्या कामासाठी हाच घ्यायचा, असं बुवांचं मत.

मी पिशवी उघडली तर म्हणाले, "आज ड्रोन नाही. आज फक्त रिमोट न्या."

मला काय राग आला! पण त्यांचं म्हणणं असं, की हाच रिमोट कॉम्प्युटरला जोडला की उडवायचा खेळ खेळता येतो. त्यात मनसोक्त आपटून घ्यायचं आणि मग खरा न्यायचा. वर 'रोज काय उडवलं आणि कशावर आदळलं ते लिहून ठेवा' म्हणून ही वहीही त्यांनीच माझ्या हातात कोंबली. त्यांनी फक्त आदळण्याचं लिहायला सांगितलंय. मी सगळंच लिहिणार.

८ फेब्रुवारी

आदळले. आदळले. झाडावर, पुलावर, परत त्याच झाडावर. बुवांनी खेळात मुद्दाम दांड्या सोडल्यावर खाली पडणारा ड्रोन लावायला सांगितलाय. म्हणतात, हाताला खोटी सवय नको.

आई शेजारी बसून ऐकत असते. पेपर तिनं बंद केलाय, सगळं खोटंच छापतात म्हणे, त्यामुळे सध्या करमणूक मीच.

"आता आपटलीस ना?"

"तुला कसं कळलं? तू तर खिडकीकडे बघत होतीस."

"तुझ्या शिव्यांवरून. मोटारीचा आवाज चढतो, मग तू चढतेस."

१४ फेब्रुवारी

आणला! आणला! आणला!

तो मधलाच घेतला, कडीवाला. रिमोट आणि चष्मा त्याच्याशी जुळणारेच मिळाले, त्यामुळे वेगळं काही जोडत बसायची भानगड नाही. बुवांनी बॅटरी कशी सांभाळायची ते तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा शेवटी हळू.

खोका उघडल्यावर मी नाचले, अगदी खरोखर नाचले. आईच्या हातात दिला. तिनं कडी, पाती, पाय सगळं बोटांनी चाचपलं, लहान मुलाचं अंग चाचपावं तसं, आणि म्हणाली, "नाजूक आहे गं. आणि काळा रंग छानच शोभतो." मी फिदीफिदी हसत सुटले. भडक केशरी आहे तो! आई थट्टा करते तीसुद्धा इतक्या गंभीर चेहऱ्यानं, की क्षणभर खरंच वाटतं.

मग मी तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. आईचा अर्धा चेहरा झाकला गेला. "दिसतंय का?" म्हटलं. "वा! अगदी समोर आहे गं सगळं! घर केवढं मोठं दिसतंय!" मी तर हवेतच. तिनं काढून दिल्यावर बघते तो चष्म्याची वायर टेबलावरून लोंबकळतेय. चष्मा चालूच नव्हता! माझं मन मोडू नये म्हणून किती करते ही बाई.

१७ फेब्रुवारी

घरात उडवायला सुरुवात. पंख्याला एकदा, पडद्याला दोनदा, फ्रिजला एकदा. ड्रोनला काही झालं नाही, फ्रिजला पोचा आला.

ड्रोनला वाट पाहिजे म्हणून मी सकाळी सामान हलवलं होतं. टीपॉय भिंतीकडे, खुर्ची दाराच्या तोंडाशी. आई आतून आली ती सरळ टीपॉयवर. गुडघा चांगलाच आपटला. आणि मग जी भडकली!

"घरातली वस्तू हलवायची असली तर आधी मला सांगायचं! घर आहे का गोदाम?"

"एवढा ढळढळीत टीपॉय समोर आहे," मी म्हटलं, "बघून चालायला काय होतं?"

मला वाटलं, असं आहे तर. वरवर 'घे की' म्हणायचं आणि मनातून काम आवडत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर ती तशीच गुडघा चोळत बसली. मग मी बर्फ आणून दिला, पण दोघीही फुगून होतो. टीपॉय मी परत जागेवर ठेवला. उडायला वाट कमी पडते, पण पडू दे.

१९ फेब्रुवारी

समेट झाला, आणि कसा झाला ते लिहिलंच पाहिजे!

अडचण होती दाराची. ड्रोन जवळ आला की दार आतून कुणीतरी उघडायचं आणि त्याच दाराच्या मागे लपायचं. लवकर उघडलं तर आपोआप उघडल्यासारखं वाटत नाही, उशिरा उघडलं तर मी दारावर. शेजारच्या काकू हौसेनं आल्या. त्या फटीतून बघायच्या, ड्रोन दिसला की किंचाळायच्या, आणि किंचाळून झाल्यावर उघडायच्या. चार वेळा दारावर आदळले.

"सरक," आई म्हणाली, "मी उघडते."

आणि काय सांगू! एकदा नाही, दोनदा नाही, प्रत्येक वेळी अचूक! ड्रोन दारापासून हातभर आला की दार लोण्यासारखं उघडतं, आई गडप. काकू बघायला थांबल्या होत्या, त्यांनी सांगितलं की आई फटीतून बघतसुद्धा नाही. दाराला कान लावून, डोळे मिटून उभी असते म्हणे. डोळे मिटून! याला म्हणतात आत्मविश्वास.

"तुला नोकरीवर ठेवलं," मी म्हटलं. "हुद्दा काय?" तिनं विचारलं. "मुख्य दारउघडणी." किती दिवसांनी एवढी हसली.

२२ फेब्रुवारी

आज घाईताईच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये तालीम. आई मुख्य दारउघडणी म्हणून बरोबर. जिन्यात माझं कोपर धरून चालली. "असं चाललं की तुझ्याशी बोलता येतं," म्हणाली. मला छान वाटलं. हल्ली आम्ही दोघी बोलतच नव्हतो धड.

उडवण्याआधी ती सगळा फ्लॅट फिरून आली, भिंतीवरून हात फिरवत. "रंग गुळगुळीत लावलाय." घर विकत घ्यायला येतात तेही एवढं तपासत नाहीत. घाईताईला धीर नाहीच, ती घड्याळ दाखवत राहिली.

मी न्हाणीघरात कमोडच्या झाकणावर बसून उडवते. चित्रात न येणारी तेवढी एकच जागा असते. तिथून सगळं घर डोळ्यांसमोर सरकताना बघायचं म्हणजे, अहाहा! हॉलमधून वळले. दाराशी आले, दार उघडलं, बाल्कनी, बाहेर, वर, झाडांचे शेंडे! मी न्हाणीघरात एकटीच 'हूऽऽ' करून ओरडले. घाईताई धावत आली, तिला वाटलं मी पडले.

चौथ्या दिवशी खरा टेक. बाहेर उडवायच्या परवानगीचं घाईताई बघतेय. मला झोप कशी लागणार आहे कोण जाणे.

२६ फेब्रुवारी

सगळं क्रमानं लिहिते.

नमुना फ्लॅट म्हणजे आरसाच. सगळं नवं, सगळं चकचकीत. चार्ज केलेल्या तीन बॅटऱ्या. घाईताईकडे मुख्य दार, आईकडे बेडरूमचं.

पहिला टेक देवानं उडवला असावा. इतका सुरेख मी जन्मात उडवला नव्हता. बाहेर येऊन मी घाईताईला मिठीच मारली. मग कार्ड लावून बघते, तर काही नाही! रेकॉर्डचं बटणच दाबलं नव्हतं. मी बाई स्वतःला काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

"अगं, मग उडव ना परत," घाईताई म्हणाली, "मला पुढे जायचंय."

दुसरा टेक. लाल ठिपका बघितला, दोनदा बघितला. निघाले. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी ड्रिल सुरू केलं. घर्रर्र. सगळी भिंत थरथरत होती. मी दाराशी पोचले. दार बंद. दांड्या सोडल्या, ड्रोन हवेत थांबला. दार बंदच. म्हटलं, आईला आज झालंय काय?

मग दार अर्धवट उघडलं आणि आईनं डोकं बाहेर काढलं. ड्रोनच्या अगदी पुढ्यात, हातभरावर. माझा चष्मा तिच्या चेहऱ्यानं भरून गेला. एवढ्या जवळ हा भुंगा आला की माणूस दचकतो, मान मागे घेतो, काकू तर पळाल्या होत्या. आई दचकली नाही. ती ड्रोनकडे बघतच नव्हती. डोळे सताड उघडे, आणि बघत होती बाजूच्या कोऱ्या भिंतीकडे, मान तिरकी करून. ओठ हलले. ड्रिलमध्ये काही ऐकू आलं नाही, पण मला कळलं ती काय म्हणतेय. 'आलीस का गं?'

पात्यांच्या वाऱ्यानं तिचा पदर उडाला. तेव्हा कुठे तिनं चेहरा इकडे वळवला आणि हात पुढे केला, चाचपायला, सरळ पात्यांवर. मी ड्रोन मागे खेचला, खाली बसवला, चष्मा फेकला आणि धावत सुटले.

बोट कपात. काळा रंग. बंद चष्मा. टीपॉय! 'बघून चालायला काय होतं' असं मी म्हणाले होते, या तोंडानं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, तुला दिसत नाही?"

"उजेड दिसतो," ती म्हणाली. "माणसं दिसतात, सावल्यांसारखी. एवढं काही नाही. तू थांबलीस का? उडव ना."

"चल. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

"बघ, म्हणून नाही सांगितलं." ती आता खरीच चिडली होती. "माझा पाय मोडला तेव्हा तुझा चालता फोटो स्टुडिओ बंद करून घरी बसलीस. शटर ओढलंस त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आता डोळे म्हटलं असतं, तर हे उडवायचंही खोक्यात गेलं असतं. मोतीबिंदू आहे, दुसरं काय असणार? महिनाअखेरीनंतर सांगणारच होते. तोवर माझे डोळे काय पळून जातायत? आधी ते पुरं कर."

मी रडत होते. घाईताई पर्स धरून उभी होती, आणि मी पहिल्यांदाच तिला घड्याळाकडे न बघता उभी असलेली बघितली. "ड्रिल बंद होईपर्यंत थांबू या का?" ती हळूच म्हणाली. पण ड्रिल काही बंद होईना. ती वर जाऊन भांडूनही आली. संध्याकाळपर्यंत चालणार म्हणे.

"मग जमायचं नाही," मी म्हटलं. "तुला आवाजच येणार नाही."

"तुझा येईल ना," आई म्हणाली. "ओरड."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला! व्हिडिओतला आवाज आम्ही वापरतच नाही! पात्यांची भणभण कोण ऐकणार? सगळा काढून टाकतो आणि वर संगीत चढवतो. मी हवं तेवढं बोंबलू शकते!

शेवटची बॅटरी. न्हाणीघराचं दार उघडं ठेवून बसले, चष्मा चढवला. काचा सारख्या धुरकट होत होत्या, त्या पुसल्या. लाल ठिपका. निघाले, आणि निघाल्यापासून ओरडत सुटले. "आई, हॉलमध्ये आले! आई, वळले! आई, स्वयंपाकघर! आई, येतेय, येतेय, ड्रोन येतोय, आई, दार उघड!"

उघडलं. लोण्यासारखं. मी आत शिरले, पलंगावरून तरंगत गेले, बाल्कनीतून बाहेर आणि वर, वर, वर. खाली अख्खी नदी पसरली होती. मी तरी ओरडतच होते, "आई, बाहेर आले! आई, नदी! केवढी नदी!" आणि बेडरूममधून ड्रिलच्या वरताण आवाज आला, "दिसली, दिसली! आता पडू नकोस!"

२८ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेत, पण काळजीचं कारण नाही. आधी उजव्याचं ऑपरेशन करायचं. आई मला कोपरानं ढोसत होती, 'सांगितलं नव्हतं?' म्हणून. मी तिच्याशी अर्धा दिवस बोलले नाही. मग बोलले. मी मेली एवढी डोळस, जगाला घरं दाखवते, आणि माझ्या घरात हे चाललं होतं.

मात्र टीपॉय जागचा हलवलेला नाही. आता हलवणारही नाही.

६ मार्च

घाईताईचा फोन. ती एवढी भराभर बोलली की मला फक्त 'आवडला' आणि 'सगळं' एवढंच कळलं. तेवढं पुरे! सगळं संकुल माझं! माझं आणि मुख्य दारउघडणीचं! बिल्डरनं विचारलं म्हणे, ते दार कुठल्या यंत्रानं उघडतं. घाईताईनं सांगितलं, "यंत्र जुनं आहे, सध्या दुरुस्तीला टाकतोय." मी आईला सांगितलं तर म्हणाली, "जुनं कुणाला म्हणते ती?"

हळूबुवांना पेढे द्यायला गेले. ते म्हणाले, अभिनंदन, हळू.

११ मार्च

आईच्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली!

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. आईनं ती वाचलीच, वर त्यांच्या टेबलाच्या कडेला धूळ आहे हेही सांगितलं. मी मेले लाजेनं. घरी येताना रिक्षात ती दुकानांच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचत होती, शाळेतल्या मुलीसारखी, आणि रिक्षावाला मागे वळून वळून बघत होता.

घरी आल्या आल्या मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. किती दिवस वाट बघत होते या क्षणाची! "आता बघ हं, तुझ्या लेकीनं काय केलंय." व्हिडिओ लावला. मुख्य दार उघडलं, हॉल आला. मी शेजारी बसून नुसती बडबड करत होते, हे बघ वळण, हे बघ स्वयंपाकघर, आता तुझं दार येईल, बघ, बघ, आलं! आणि शेजारी बघते तर आईचं पडद्याकडे लक्षच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"अगं, तिकडे बघ ना! गेलं ना दार!"

"जाऊ दे. परत लाव." तिनं माझ्या कानावरची बट बोटांत धरली. "हे केस कधी पिकले गं तुझे?"

"हल्लीच," मी म्हटलं.

रंग लावणं सोडून मला दोन वर्षं होऊन गेली.

"थापा मारू नकोस," आई म्हणाली. "आता दिसतं मला."